नागपूरच्या पाण्यासाठी एकच फ्लाय निवडायची तर

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेलं खोटं आमिष. सर्वगुणी फ्लायच्या बहुतेक याद्यांत ॲडम्स हे नाव अगदी वर असतं. लेन हॅलाडे यांनी १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बांधलेली ही राखाडी, पाण्यावर तरंगणारी फ्लाय ट्राउटसाठी खरोखर अप्रतिम आहे. पण ट्राउटला थंड पाणी लागतं आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. इथल्या तलावांत ट्राउट नाही, स्वच्छ वाहते झरेही नाहीत. इथे आहे कोमट, गढूळसर, काठाला वनस्पतींनी भरलेलं पाणी, आणि त्यात मरळ, तिलापिया, शिंगाळा आणि बारीक चंदेरी मासे. त्यामुळे परदेशी यादी उचलून डबी भरली की निम्म्या फ्लाय वर्षभर नुसत्या पडून राहतात.

आमचं उत्तर आधीच सांगतो: ८ नंबरच्या गळावर बांधलेली काळी वूली बगर, पुढच्या भागात थोडं वजन घातलेली आणि गवतरोधक फास लावलेली. पहिली खरेदी हीच करा. मात्र वूली बगर म्हणून विकली जाणारी प्रत्येक फ्लाय घेण्यासारखी नसते, म्हणून चांगली कशी ओळखायची ते पुढे नीट पाहू.

हीच का?

रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात ही फ्लाय बांधली ती नदीतल्या एका मोठ्या, दातेरी अळीची नक्कल म्हणून, आणि तीही ट्राउटसाठी नव्हे तर स्मॉलमाउथ बास या शिकारी माशासाठी. रचना अगदी साधी आहे: मऊ पिसांची शेपटी, शेनील या मखमली दोऱ्याचं अंग, आणि अंगावर गोल गोल गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस. ती कुठल्याही एका जिवाची हुबेहूब नक्कल करत नाही, आणि तोच तिचा गुण आहे. तळाशी झटके देत ओढली तर झिंगा वाटते, सावकाश सरकवली तर चतुराची अळी, सलग ओढली तर लहान मासा, आणि पावसाळ्यात काठाजवळ बेडकाचं शेपटीवालं पिल्लू. हे चारही जीव आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक तलावात असतात. माशाने काय खाल्लंय याचा पत्ता नसताना टाकायला यापेक्षा सोयीची फ्लाय नाही.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्याबद्दल मात्र खोटी आशा लावून घेऊ नका. कटला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, मृगळ तळाचा कुजका गाळ चिवडतो, रोहूचा भर वनस्पतीजन्य खाण्यावर असतो. ते फ्लायला कधी लागले तर तो योगायोग. त्यांच्यासाठी कणकेचा गोळाच बरा. फ्लाय ही शिकारी माशांसाठी आहे, हे डोक्यात पक्कं असलं की निवड निम्मी सोपी होते.

आधी पाणी मोजा

दुकानात जाण्याआधी ज्या पाण्यावर जाणार आहात त्याच्या तीन गोष्टी माहीत हव्यात: किती खोल, किती गढूळ, किती वनस्पती.

गढूळपणा मोजायला बरणीचं पांढरं झाकण घ्या, त्याला खालून एक नट बांधा आणि दोरीने पाण्यात सोडा. झाकण दिसेनासं झालं की दोरीवर खूण करून लांबी मोजा. एक फुटाच्या आतच झाकण गायब झालं तर काळी फ्लाय. एक ते तीन फूट असेल तर काळी किंवा गडद शेवाळी. तीन फुटांच्या पलीकडे दिसत राहिलं तर शेवाळी, तपकिरी किंवा पांढरी. गढूळ पाण्यात काळा रंग का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. मासा फ्लायकडे बहुतेक वेळा खालून बघतो. वर उजळ आकाश असतं आणि त्यावर काळ्या वस्तूची कड सगळ्यात ठळक उमटते. आपल्या भागातली काळी माती पावसात वाहून आली की पाणी आठवडेच्या आठवडे चहासारखं राहतं. त्या दिवसांत चमचमीत, रंगीत फ्लाय माणसाला छान दिसते, माशाला दिसत नाही.

खोलीचं गणित वजनाशी जोडलेलं आहे. काठापासून फ्लाय टाकता येते त्या अंतरात आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी तीन ते सहा फूट असतं. तेवढ्यासाठी गळाच्या दांडीच्या पुढच्या भागात अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेचे सहा ते आठ वेढे पुरतात. धरणाच्या भिंतीजवळ किंवा नदीच्या डोहात जायचं असेल तर पुढे साधारण ३ मिलिमीटरचा पितळी मणी असलेली फ्लाय घ्या. उथळ पाण्यासाठी मणीवाली घेऊ नका. ती तळाला बसते आणि प्रत्येक फेकीला शेवाळाचा गोळा घेऊन येते.

तिसरी गोष्ट वनस्पतींची. जलपर्णी, कमळाची पानं, काठाची बेशरम, आणि काही तलावांत शिंगाड्याचे वेल. मरळ नेमका यांच्याच आडोशाला असतो. गवतरोधक फास नसेल तर उत्तम फ्लायही दहा मिनिटांत गमवाल.

हातात घेऊन तपासणी

गळापासून सुरुवात करा. नंबर ८, लांब दांडीचा. गळाचे नंबर उलटे चालतात हे लक्षात ठेवा: १२ पेक्षा ८ मोठा, ८ पेक्षा ४ मोठा. ८ नंबरच्या लांब दांडीवर शेपटीसकट फ्लाय चार ते पाच सेंटिमीटर होते. हाताएवढा तिलापिया ती तोंडात घेऊ शकतो आणि दोन किलोच्या मरळालाही ती क्षुल्लक वाटत नाही. सर्वगुणी म्हणायचं ते या अर्थाने.

टोक नखावर हलकेच टेकवून सरकवा. अडकलं तर धार आहे, घसरलं तर नाही. मग टोक मऊ लाकडात रुतवून दांडी थोडी ओढा. गळाने थोडं वाकून परत मूळ आकारात यायला हवं. वाकलेलाच राहिला तर तो बारीक तारेचा, तरंगत्या फ्लायसाठीचा गळ आहे. वेलींतून मरळ ओढताना तो सरळ होणार. एका पाकिटातल्या सगळ्या फ्लाय एकाच गळावर बांधलेल्या असतात, म्हणून एक तपासली तरी पुरते. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडणं सोपं जातं, आणि फ्लाय स्वतःच्या कानात रुतली तर तीही सहज निघते. पाठीमागून वारा असताना हे होतंच.

आता नेढं, म्हणजे धागा ओवायचं गळाचं छिद्र. स्वस्त फ्लायमध्ये डोक्यावरचं वार्निश नेढ्यात उतरून वाळलेलं असतं. प्रकाशासमोर धरून आरपार दिसतंय का बघा. शिवाय नेढ्यामागे दांडीचा एखादा मिलिमीटर मोकळा हवा. पिसं नेढ्यापर्यंत ठासून आणलेली असली की गाठ त्यांवर बसते, घट्ट होत नाही, आणि पहिल्याच जोरात सुटते.

शेपटी नीट बघा, कारण सर्वांत जास्त चुका इथेच असतात. ती टर्कीच्या मऊ, पाण्यात हलणाऱ्या पिसांची असते. त्या पिसांना माराबू म्हणतात. शेपटीची लांबी दांडीएवढी असावी. याहून लांब असली की दोन त्रास होतात. फेकताना ती गळाच्या वाकाला गुंडाळली जाते आणि फ्लाय भोवऱ्यासारखी फिरत येते. आणि मासा फक्त शेपटीचा शेंडा धरून सोडून देतो, तुम्हाला टकटक जाणवते, पण मासा काही लागत नाही. विकत घेतलेली फ्लाय लांब शेपटीची निघाली तर कात्रीने आडवी कापू नका. त्याने शेपटी झाडूसारखी दिसते आणि तिची हालचाल मरते. बोटांच्या चिमटीत शेंडे धरून थोडे थोडे तोडा. शेपटी विरळ असली तरी चालते. कोरड्या अवस्थेत गुबगुबीत दिसणारी शेपटी ओली झाल्यावर जाड कुंचला होऊन बसते.

अंगावरचं पीस पाच-सहा वेढ्यांचं हवं, तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या) साधारण दीडपट, आणि तंतू मागे झुकलेले. पिसाच्या देठावरून उलट दिशेने गुंडाळलेली बारीक तार आहे का, हे भिंग घेऊन बघावं लागलं तरी बघा. मरळाला दात असतात. तार नसली तर एका चाव्यात देठ तुटतो आणि अख्खं पीस सुटून येतं. तारवाली फ्लाय दहा-बारा मासे सहज सोसते. चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून ऑनलाइन घेताना वर्णनात तारेचा उल्लेख आणि गळाचा नंबर हे दोन्ही शोधा. नसतील तर ती सोडून पुढे जा.

गवतरोधक फास म्हणजे नेढ्यामागून निघून गळाच्या टोकाखालून जाणारा मोनो (एकपदरी नायलॉन) धाग्याचा वळसा. ८ नंबरसाठी धागा ०.३० ते ०.३५ मिलिमीटर. वळसा टोकाच्या किंचित खाली यायला हवा, आणि बोटाने दाबल्यावर सहज दबायला हवा. फार कडक असेल तर गवत टळतं, पण मासाही टळतो.

बादलीतली परीक्षा

एवढी तपासणी केली तरी खरी परीक्षा पाण्यातच होते. फ्लायला दोन फूट धागा बांधा, बोटांनी चोळून पूर्ण ओली करा (कोरडी फ्लाय हवेचे बुडबुडे धरते आणि खोटं वागते) आणि पाण्याने भरलेल्या बादलीत किंवा टाकीत सोडा.

ती पोटावर, म्हणजे गळाचं टोक खाली ठेवून बुडायला हवी. कुशीवर पडत असेल तर अंग एका बाजूला जास्त बांधलेलं आहे. नाक खाली जाऊन शेपटी वर राहिली तर वजन बरोबर जागी आहे. मग धागा एकेक वीत ओढून थांबा. थांबल्यावरही शेपटी श्वास घेतल्यासारखी हलली पाहिजे, कारण मासा बहुतेक वेळा त्या थांबण्यातच झडप घालतो. ओढताना गोल फिरत असेल तर आधी शेपटी गुंडाळली गेली आहे का ते बघा. तसं नसेल तर ती फ्लाय बाजूला काढा. फिरणारी फ्लाय टिपेटला, म्हणजे तिला बांधलेल्या शेवटच्या बारीक धाग्याला, पीळ घालते आणि तासाभरात अख्खा लीडर (जाड दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा धागा) गुंता होऊन बसतो.

शेवटी ती पांढऱ्या वाटीत दहा मिनिटं भिजत ठेवा. पाणी काळं झालं तर रंग कच्चा आहे. दोन-तीन फेऱ्यांत तुमची काळी फ्लाय राखाडी होईल.

घरी बांधायची असेल तर

वूली बगर शिकायलाही सोपी आहे, आणि सामानातल्या काही गोष्टी नागपुरात हाताशी आहेत. तारेसाठी परदेशी रीळ मागवायची गरज नाही. कूलरच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या कुठल्याही दुकानात ३६ ते ३८ गेजची तांब्याची तार मिळते, आणि ती या कामाला अगदी योग्य आहे. शेनील दोरा बारीक घ्या, सुमारे दोन मिलिमीटर. हस्तकलेच्या दुकानातल्या मधे तार असलेल्या काड्या चालत नाहीत, त्या दांडीवर नीट बसत नाहीत. कोंबड्याच्या मानेची पिसं गावठी कोंबड्याची मिळाली तर उत्तम. ब्रॉयलरची पिसं आखूड आणि ठिसूळ असतात. पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. रानपक्ष्यांच्या पिसांना हात लावू नका. जुन्या सॅल्मन फ्लायमध्ये आपल्या राखाडी रानकोंबड्याची पिसं वापरत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे, आणि या फ्लायला त्याची मुळीच गरज नाही.

क्रम असा: दांडीच्या पुढच्या भागात वजनाची तार गुंडाळा आणि दोऱ्याने पक्की करा. वाकापाशी शेपटी बांधा, तिथेच तांब्याची तार आणि शेनीलचं टोक. शेनील पुढे गुंडाळत आणा आणि नेढ्याच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. तिथे पीस बांधून ते मागे पाच-सहा वेढ्यांत न्या. आता तांब्याची तार उलट दिशेने पुढे आणत पिसाचा देठ दाबत जा. तार गुंडाळताना ती डावी-उजवीकडे हलवत राहा, म्हणजे तंतू तिच्याखाली अडकत नाहीत. डोकं बांधा, वार्निशचा एकच थेंब, आणि लगेच नेढ्यातून पिसाचा देठ फिरवून ते साफ करा. नवख्याच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पुढे जागा न ठेवणं. म्हणून ते दोन मिलिमीटर आधीच नखाने मोजून खूण करून ठेवा.

बांधणी, दोरी, ओढ

पाच नंबरचा नऊ फुटी रॉड या फ्लायला पुरतो (रॉडचा नंबर मात्र सरळ चालतो: मोठा नंबर म्हणजे जास्त ताकद). सहाचा असेल तर वाऱ्यात बरं पडतं. टिपेट निवडायचा सोपा हिशोब म्हणजे गळाच्या नंबरला तीनने भागा: ८ चे साधारण ३, म्हणजे ३ एक्स, ०.२० मिलिमीटर. पण हा हिशोब मोकळ्या पाण्याचा आहे. वेलींच्या काठाला सरळ १ एक्स, ०.२५ मिलिमीटर लावा, आणि मरळ नक्की आहे असं दिसलं तर ०.३५. गढूळ पाण्यात धागा थोडा जाड असल्याने मासा बिचकत नाही. गाठ फ्लायला घट्ट बसणारी नको. सुमारे पाच मिलिमीटरचा न सरकणारा फास ठेवा, म्हणजे फ्लाय मोकळी हलते.

फेकल्यावर लगेच ओढू नका. मनात तीनपर्यंत मोजा आणि मग दहा-पंधरा सेंटिमीटर ओढून थांबा. काही लागलं नाही तर पुढच्या फेकीला पाच, मग आठ. ज्या आकड्याला टकटक जाणवेल तो त्या दिवसाचा आकडा. रॉडचं टोक पाण्याला जवळजवळ टेकलेलं असू द्या. मासा लागला की रॉड उचलू नका, हातातली दोरी सरळ मागे ओढा. रॉड उचलल्यावर फ्लाय माशाच्या तोंडातून वर निघते, दोरी ओढल्यावर गळ रुततो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि बहुतेक मासे या एका सवयीपायीच सुटतात.

एप्रिल-मेमध्ये पहाटे जा आणि ऊन चढण्याआधी थांबा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. मासा ओल्या हाताने धरा आणि पाण्यातच सोडा. फ्लायची डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. नागपूरच्या उन्हात रबरी पाय असलेल्या फ्लाय एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. पावसाळ्यात घरी आल्यावर डबी उघडी ठेवून फ्लाय वाळवा, नाहीतर आठवड्यात गळाला गंज चढतो.

ही फ्लाय चालत नाही तेव्हा

दोन प्रसंग आहेत. पहिला म्हणजे पाणी स्वच्छ आणि मासे लहान माशांच्या थव्यामागे. असं धरणाच्या मोकळ्या पाण्यात किंवा पावसाळा सरल्यावर कन्हानसारख्या नदीत दिसतं. तिथे क्लाउझर मिनो घ्या, पांढरी-शेवाळी, ६ नंबर. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात सस्क्वेहाना नदीवर तिला आकार दिला. डोळ्यांचं वजन दांडीच्या वरच्या बाजूला असल्याने ती उलटी पोहते, गळाचं टोक वर राहतं, आणि खडकाळ तळातही कमी अडकते. घेताना डोळे बोटाने पिळून बघा. ते गोल फिरले तर बांधणी सैल आहे.

दुसरा प्रसंग म्हणजे मरळ वर येऊन हवा घेताना दिसतोय, पण फ्लाय वनस्पतींच्या दाटीतून खाली जातच नाही. तिथे २ नंबरची फोमची, बेडकासारखी तरंगती फ्लाय, ०.५ मिलिमीटरचा गवतरोधक फास, आणि सात नंबरचा रॉड. एक गोष्ट इथे कळकळीने सांगायची आहे. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा घोळका खदखदताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप मरळ पहारा देत असतात. त्यावर फ्लाय टाकली तर मासा हमखास येतो, आणि म्हणूनच टाकू नये. राखण गेली की अख्खा घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

फक्त तिलापिया हवा असेल तर हीच काळी बगर १२ नंबरमध्ये, आखूड शेपटीची.

कुठे टाकायची

जलाशय आणि तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात. खिंडसी असो, वडगाव असो की भंडाऱ्याकडचा एखादा मामा (माजी मालगुजारी) तलाव, आधी तिथल्या संस्थेला विचारा. पाण्याची खोली, गवताच्या जागा, मरळ कुठे वर येतो, हे तिथल्या ढीवर (मच्छीमार) बांधवांइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्या जाळ्यांच्या ओळीपासून लांब उभे राहा, कारण जाळ्यात रुतलेला गळ सोडवताना जाळं फाटतं आणि नुकसान त्यांचं होतं. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे. शहरातल्या अंबाझरी, गोरेवाडा यांसारख्या तलावांवर परवानगी विचारल्याशिवाय दोरी सोडू नका.

पहिल्या खरेदीला वर्षभर पुरेल असा हिशोब: ८ नंबरच्या काळ्या बगर चार, शेवाळी तीन, त्यांतली एक मणीवाली, आणि पांढरी-शेवाळी क्लाउझर दोन. चार काळ्यांपैकी दोन वेलींत जाणार हे धरूनच चला.